शेततळ्यात उतरण्याआधी

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलेली मुलं, नुकतंच सुरू केलेलं कृषी पर्यटन केंद्र, किंवा शहराजवळ घेतलेली जमीन आणि तिच्यात आयतं मिळालेलं शेततळं. एवढं पाणी समोर दिसलं की पोहावंसं वाटणारच. ज्यांच्याकडे तळं नवीन आहे आणि त्यात माणसं उतरणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी बाहेर येण्याची वाट, मग विजेचा बंदोबस्त, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी पोहणं. बहुतेक लोक पाण्यापासून सुरुवात करतात. पण पाणी वाईट असेल तर माणूस आजारी पडतो. वाट नसेल तर तो बुडतो.

तळ्याचा आकार

२०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत १५×१५×३ मीटरपासून ३०×३०×३ मीटरपर्यंतची मापं होती आणि आज दिसणारी बरीच तळी याच घडणीची आहेत. खोली ३ मीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट. बाजूंचा उतार अनेक ठिकाणी १:१ असतो. याचा अर्थ असा की काठापासून १ मीटर आत गेलात की १ मीटर खोल, दीड मीटर आत गेलात की दीड मीटर खोल. नदीला किंवा गावतळ्याला असतो तसा उथळ पट्टा इथे नसतोच. दहा वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडात पाणी जायला दोन पावलं पुरतात.

त्यावर कागद. शेतकरी ज्याला कागद म्हणतात ते ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अस्तर कोरडं असतानाही गुळगुळीत असतं. पाण्याखाली काही आठवडे राहिलं की त्यावर बुळबुळीत थर चढतो. बोट फिरवून पाहा, बोटामागे स्वच्छ काळी रेघ उमटते आणि नखाखाली हिरवट साय येते. या थरावर पाय ठेवला की टाच सरकते, माणूस बसतो आणि बसल्या बसल्या खाली घसरतो. वर येताना हाताला पकडायला काही सापडत नाही, गुडघे सुटतात, प्रत्येक प्रयत्नात थोडा दम जातो. काठ एक हातावर असतो आणि तरी गाठता येत नाही. पट्टीचे पोहणारेही शेततळ्यात बुडतात ते यामुळेच.

पहिलं काम: दोर आणि कुंपण

तळ्यात रोज कोणी उतरणार असो वा नसो, दोर लागतातच. कारण मोटार बघायला गेलेला माणूस, शेळीमागे धावलेलं पोर, कागदाला ठिगळ लावणारा मजूर, कोणीही घसरू शकतो.

१६ ते २० मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर घ्या. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे धडपडणाऱ्या हाताला सापडतो. काथ्याचा दोर कुजतो, तो नको. दर ३० सेंटिमीटरवर गाठ मारा. गाठीशिवायचा ओला दोर हातातून निसटतो. आता लांबी. ३ मीटर खोल तळ्यात १:१ उताराची तिरकी लांबी सव्वाचार मीटर भरते. १४ गाठींमध्ये जवळपास ३ मीटर दोर खर्ची पडतो, काठापासून खुंटापर्यंत दीड मीटर जातो, आणि थोडं शेपूट पाण्यात मोकळं सोडायचं असतं. म्हणजे एका जागेला १० मीटर दोर धरा. मोकळ्या टोकाला बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली बांधा, म्हणजे टोक लांबूनही दिसतं.

दोर तळापर्यंत पोहोचलाच पाहिजे. तळं काठोकाठ असताना बांधलेले तोकडे दोर एप्रिलमध्ये उघड्या कागदावर लोंबत राहतात आणि पाणी त्यांच्या दोन मीटर खाली असतं. धोका तर तेव्हाच जास्त, कारण चढायचा उतार लांबलेला असतो.

खुंट भरावाच्या बाहेरच्या अंगाला ठोका. कागदाची कड ज्या चरात पुरलेली असते, त्या चराच्या पलीकडे. नाहीतर कागद फाटेल आणि तळं गळायला लागेल. कुंपणाच्या खांबाला दोर बांधू नका. तो खांब जाळीचं वजन पेलायला असतो, ओढ घेणाऱ्या माणसाचं नाही. ३० मीटरच्या बाजूला तीन दोर, १५ मीटरच्या बाजूला दोन. याखेरीज एका ठिकाणी जुन्या टायरांची शिडी सोडा. टायर एकमेकांना दोरानेच बांधा आणि टायरची तार बाहेर आली नाही ना हे हात फिरवून बघा. शिडीखाली कागदाचाच जादा तुकडा अंथरला की घासून भोक पडत नाही.

उन्हाने दोर वरून भुरभुरीत होतो. दरवर्षी पावसाळ्याआधी दोघांनी धरून जोरात ओढून बघा, शंका आली तर बदला.

फेकायची साधनं काठावर कायम टांगलेली हवीत, घरात नकोत. हवा भरलेली ट्यूब, ४ ते ५ मीटरचा बांबू, आणि पाच लिटरच्या डब्याला बांधलेला २० मीटर दोर. ३० मीटर तळ्याचा मध्य काठापासून १५ मीटरवर येतो, त्यापेक्षा आखूड दोर कामाचा नाही. डब्यात अर्धा लिटर पाणी घालून झाकण गच्च लावा. पूर्ण रिकामा डबा वाऱ्याने भलतीकडे जातो. थोडं वजन असलं की नेमका पडतो आणि तरीही तरंगतो.

कुंपण कमीत कमी सव्वा मीटर उंच, जाळीचं, खालून मूल शिरणार नाही असं, आणि फाटकाला कुलूप. काटेरी तारेच्या दोन-तीन ओळी गुरांना अडवतात, मुलांना अडवत नाहीत.

दुसरं काम: मोटार

पाण्यात वीज उतरणं ही शेततळ्यातली न दिसणारी भीती आहे. केबलचा जोड नुसत्या टेपने गुंडाळलेला असतो, टेप सुटते, ओलावा आत जातो. पोहण्याआधी स्टार्टर बंद करणं पुरेसं नाही. बऱ्याच मोटारींना ऑटो स्टार्टर असतो, काहींना मोबाइलवरून चालणारा. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. म्हणून मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि घरात सांगा. पाण्यात शिरल्यावर अंगाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पाइप, अँगल, लोखंडी शिडी यांच्याकडे जाऊ नका; आल्या बाजूने मागे फिरा आणि दोराने वर या. फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) जिथे आहे त्याच्या आसपास ३ मीटर कोणी जायचं नाही.

तिसरं काम: पाणी कुठून येतं ते बघा

तळ्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्याचा इतिहास विचारायचा. विहिरीतून किंवा बोअरमधून भरलेलं असेल तर सुरुवात चांगली. ओढ्यातून भरलेलं असेल तर वरच्या अंगाला वस्ती, गोठा, पोल्ट्री आहे का ते चालत जाऊन बघा. शेतातून वाहून आलेलं पाणी खत, शेणखत आणि फवारणीचे अंश घेऊन येतं. म्हणून पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी तळ्यात घेऊ नका, चर फिरवून बाहेर काढा, आणि पुढचं पाणी गाळ बसायच्या खड्ड्यातून आत सोडा.

जोराचा पाऊस झाला की त्यानंतरचे तीन दिवस पोहणं बंद. जंतू आणि गाळ दोन्ही याच दिवसांत सगळ्यात जास्त असतात.

तळ्यात रोहू, कटला पाळले असतील तर पोहण्याचा विचार सोडून द्यावा हे बरं. मासे वाढावेत म्हणून त्या पाण्यात मुद्दाम शेण आणि खत टाकलेलं असतं. पाणी हिरवं होणं हाच तिथे उद्देश असतो. तळ्याकाठी फवारणीचा पंप भरणं आणि धुणं तर कोणत्याच शेततळ्यात चालू देऊ नये.

चौथं काम: डोळ्यांनी तपासणी

२० सेंटिमीटर व्यासाची एक स्टीलची ताटली घ्या. तिचे चार समान भाग करून एकाआड एक काळा आणि पांढरा रंग द्या. मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा, दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. हिला सेक्की तबकडी म्हणतात. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूने ती हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली तिथली खूण बघा, पुन्हा वर ओढताना दिसली तिथली बघा, दोन्हींची सरासरी घ्या. पोहण्याच्या पाण्यात ती किमान १.२ मीटरपर्यंत दिसावी, असा निकष कॅनडाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि तो आपल्याकडेही वापरण्याजोगा आहे. गढूळ पाण्याने लगेच आजार होतो असं नाही. पण त्यात खाली गेलेला माणूस दिसत नाही, आणि शोधण्यात जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत.

पाणी हिरवं असेल तर हिरवं कशाने हे ओळखा. काठी बुडवून वर काढा. काठीला केसांसारखे लांब धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. पायात अडकतं, पण विषारी नसतं. काठीवर हिरवा ऑइलपेंट फासल्यासारखा थर आला तर ते निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी काचेची बरणी पाऊण भरून, झाकण लावून, न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर तळाशी बसला असेल तर फारशी काळजी नाही. तो वर येऊन पाण्याच्या कडेला गोल पट्टा धरून बसला असेल आणि खालचं पाणी मोकळं झालं असेल, तर तळ्यात कोणी उतरायचं नाही, गुरांनाही ते पाणी पाजायचं नाही. या शेवाळाच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ते तरंगतं. त्यातल्या काही जाती यकृताला आणि मज्जातंतूंना इजा करणारी विषं तयार करतात. पाणी उकळून ती जात नाहीत.

अशा वेळी बरेच जण मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. भरात आलेल्या शेवाळावर मोरचूद टाकलं की पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड वासून येतात. खत येण्याची वाट बंद करा, शक्य असेल तर तळ्याचं पाणी पिकाला देऊन ताजं भरा आणि वाट बघा. याला झटपट औषध नाही.

पाचवं काम: प्रयोगशाळा

सामू (पीएच) घरच्या घरी पट्टीने बघता येतो, ६.५ ते ८.५ च्या आत हवा. सकाळी आणि दुपारी दोनदा बघा, कारण हिरव्या पाण्यात दुपारी सामू ९ च्याही वर जातो. हे एकच लक्षण पाण्यात शेवाळ फार झाल्याचं सांगतं.

जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, खासगीही आहेत. बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. माणसं जिथे उतरतात तिथे, पृष्ठभागाच्या ३० सेंटिमीटर खाली, तोंड खाली धरून बाटली बुडवा आणि पाण्यातच तिरकी करून भरा. तोंडाला आतून बोट लावू नका, पृष्ठभागावरची साय घेऊ नका. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोहोचवा. उन्हात गाडीत पडलेल्या बाटलीचा अहवाल कशाचाच नसतो.

अर्ज भरताना एक गोष्ट नीट सांगा. प्रयोगशाळा सहसा पिण्याच्या पाण्याच्या निकषावर उत्तर देते. तिथे १०० मिलिलिटरमध्ये एकही कोलिफॉर्म जंतू चालत नाही, त्यामुळे प्रत्येक शेततळ्याला ‘पिण्यास अयोग्य’ असाच शेरा मिळतो आणि त्यातून पोहण्याबद्दल काहीच कळत नाही. तुम्हाला फीकल कोलिफॉर्मचा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा, एमपीएन (अंदाजे संख्येचा) आकडा हवा आहे असं लिहून द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानाच्या पाण्याच्या निकषात १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत चांगलं आणि २,५०० ही कमाल मर्यादा आहे. त्याबरोबर विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाहुण्यांना उतरवणार असाल तर ५०० हीच आपली रेघ माना. हंगामाआधी एकदा, मग महिन्यातून एकदा, आणि एकदा मुद्दाम पावसानंतर तपासणी करा.

आकडा जास्त आला की पहिला विचार ब्लीचिंग पावडरचा येतो. हिशेब करून बघा. ३०×३०×३ मीटरच्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळवायला ३० टक्क्यांची पावडर सात किलोहून जास्त लागते. ती टाकलीत तरी उघड्या उन्हात आणि गाळ-शेवाळात ते क्लोरीन संध्याकाळपर्यंत टिकत नाही, मासे मात्र मरतात.

लहान मुलं आणि पाहुणे यांच्यासाठी खरा उपाय वेगळा आहे. तळ्याशेजारी ५×३ मीटरचा, सव्वा मीटर उंचीचा सिमेंटचा हौद बांधा, पायऱ्यांसह. त्यात १.१ मीटर पाणी वाळूच्या फिल्टरमधून सोडा. हे साडेसोळा हजार लिटर झालं. १ मिलिग्रॅमसाठी ५५ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी टाका, अर्ध्या तासाने क्लोरीन तपासायच्या किटने बघा, कमी वाटलं तर पुन्हा थोडी. दोन दिवसांनी क्लोरीन उडालं की तेच पाणी पिकाला जातं, हौद धुवून पुन्हा भरता येतो. पाणी वाया जात नाही आणि तळ दिसतो. पैसे घेऊन पाहुणे बोलावणाऱ्यांनी तळ्यात पोहण्याची जाहिरात करूच नये, हौद दाखवावा.

पोहताना

अंगावर उघडी जखम, जुलाब किंवा कानाचं दुखणं असलेल्याने उतरू नये. आधी अंग धुवा. लंगोट घातलेलं बाळ तळ्यात नको.

काठावर एक जाणता माणूस फक्त बघायला उभा हवा. तो पाण्यात नाही, मोबाइलवर नाही, प्यालेला नाही. डोकी मोजायची, दर पाच मिनिटांनी. शिकणाऱ्याच्या पाठीला सांगड किंवा डबा बांधला असला तरी कमरेला दोर आणि दोराचं टोक मोठ्या माणसाच्या हातात हवं. डब्याची गाठ पाण्यात सुटते. सूर मारायचा नाही, उताराचा कागद पाण्याखाली कुठे संपतो ते वरून कळत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि दीड-दोन मीटर खाली एकदम गार असतं, त्यामुळे पायात गोळा येतो. आला तर उताणं पडून हात पसरा आणि दोराकडे सरका.

नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात निग्लेरिया फौलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. पिण्याने होत नाही. केरळमध्ये २०२४ मध्ये तळ्यात अंघोळ केलेल्या मुलांना हा आजार झाला. तो फार दुर्मिळ आहे, पण झाला तर फार थोडे वाचतात. नोज क्लिप लावणं, उडी न मारणं आणि तळाचा गाळ न ढवळणं एवढं हातात आहे. तळं आटून पाणी कमरेएवढं आणि गरम झालं की पोहणं बंदच करा.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे, हात दोन्हीकडे पाणी दाबत. दिसायला खेळल्यासारखं दिसतं. मिनिटाच्या आत तो खाली जातो.

मागोमाग उडी मारू नका. शेततळ्यांत एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा गेल्याने एकाच घरातली माणसं गेली आहेत. डबा फेका, बांबू लांबवा, आडवं झोपून दोर धरा. उतरायचंच झालं तर कमरेला दोर बांधून, तो वर दोघांनी धरला असेल तरच.

वर काढल्यावर श्वास नसेल तर पाय धरून उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यातलं काहीही करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात शिरतं. सपाट जागी उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, असंच चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

नंतरचे दिवस

बाहेर आल्यावर साबणाने अंग धुवा, कान कोरडे करा. पुढच्या बारा दिवसांत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं काही झालं तर अमीबाची शंका धरून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे होणं ही लक्षणं दिसली तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार) असू शकतो. तो उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि लवकर कळला तर साध्या औषधाने बरा होतो. दोन्ही वेळा डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की शेततळ्यात पोहलो होतो, आणि कोणत्या दिवशी.